चिलखती स्वार की हलके स्वार?

फोंड्यातील आमच्या घरी शेजारची मुले 'एज ऑफ एम्पायर्स २' हा संगणकावरील युद्धखेळ खेळायला बसली की किल्ल्यांच्या युगात (खेळाच्या तिसऱ्या टप्प्यात) पोहोचताच एकच वाद निघतो: सोने 'नाइट' या चिलखती स्वारावर घालावे की नुसत्या अन्नावर हलके स्वार काढावेत? माझे मत असे आहे की याचा निर्णय घोडा पाहून नव्हे, तर जमीन आणि शत्रूच्या हातातील शस्त्र पाहून घ्यावा.

नाइटला 60 अन्न आणि 75 सोने लागते, तर हलक्या स्वाराला केवळ 80 अन्न. इतर सुधारणा नसताना क्रॉसबो (आडवे धनुष्य) वापरणाऱ्या तिरंदाजाचा बाण दोघांच्याही आयुष्यातून सारखेच 3 अंक कमी करतो. मात्र नाइटचे आयुष्य 100 असल्याने तो 34 व्या बाणाला पडतो आणि 60 आयुष्याचा हलका स्वार 20 व्या बाणाला. नाइटचा घावही 7 ऐवजी 10 चा असतो. म्हणून उघड्या मैदानात, शत्रूकडे मुख्यतः तिरंदाज असताना, नाइटइतका उपयोगी सैनिक त्या युगात क्वचितच मिळतो.

परंतु 35 अन्न आणि 25 लाकूड एवढ्यात उभा राहणारा भालाईत, 'पाइकमन' (लांब भाल्याचा सैनिक) ही सुधारणा झाल्यावर, त्याच नाइटला पाच घावांत लोळवतो. भाला हलक्या स्वारालाही बाधतोच. फरक इतकाच की तेथे सोने वाया जात नाही, आणि शेते शाबूत असतील तर पुन्हा स्वार काढता येतात. शत्रूचे धर्मगुरू नाइट फितवू लागले, तर त्यांच्यावर जादा घाव करणारा हलका स्वारच कामाला येतो.

इतिहासातही हीच किंमत मोजावी लागत होती. इ. स. 1302 मध्ये आजच्या बेल्जियममधील कोर्त्रेच्या रणांगणावर फ्रेंच सरदारांचे घोडे नाले आणि ओल्या जमिनीत अडखळले आणि फ्लेमिश पायदळाने त्यांना कापून काढले. 1415 मध्ये फ्रान्समधील आजँकूरला चिखलाने फ्रेंच सरदारांचे तेच केले. उलट इ. स. पूर्व 53 मध्ये आजच्या तुर्कस्तानातील कार्हे येथे पार्थियनांनी (प्राचीन इराणी साम्राज्याच्या सैन्याने) सुमारे 1,000 चिलखती स्वार आणि 9,000 घोडेस्वार तिरंदाज एकत्र वापरून रोमन सैन्य मोडले. बाण चुकवण्यासाठी ढाली जुळवून दाटीने उभे राहिले तर चिलखती स्वार अंगावर येत आणि पांगले तर बाण लागत, अशी कोंडी रोमनांची झाली. केवळ एकाच प्रकारच्या घोडदळावर भिस्त ठेवणाऱ्यांनी या लढाईचा अवश्य विचार करावा.

आपल्याकडे घोड्याच्या चिलखताला पाखर म्हणतात. पाखर आणि बख्तरबंद स्वार असे दोन्ही ओझे पेलणारा दमदार घोडा मुख्यतः समुद्रापलीकडून येई, आणि विजयनगर व विजापूर या दोघांनाही हवा असलेला तो व्यापार 1510 नंतर पोर्तुगिजांनी गोव्यातून आपल्या मुठीत ठेवला. खेळातील 75 सोन्यांचा अर्थ मला येथे नीट कळतो. मराठ्यांनी दख्खनी घोड्यावर हलकी फौज उभारली. 1695 मध्ये संताजी घोरपड्यांनी कर्नाटकातील दोड्डेरीला कासिमखानाच्या मोगली फौजेची रसद तोडून तिला गढीत कोंडले, ते याच वेगाच्या बळावर.

आमच्या खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीत) पावसाळ्यात बांधावरून उतरलो की पोटरीपर्यंत पाय रुततो आणि चप्पल चिखलातच राहते. तेथे पाखर घातलेला घोडा धावू शकेल, असे मला वाटत नाही. नोव्हेंबर 1683 मध्ये गोव्यातील जुवे बेटावर संभाजी महाराजांच्या सैन्याने पोर्तुगीज व्हाइसरॉयला पिटाळले, पण पुढचा पाठलाग खाडीच्या पाण्याने थांबवला.

तेव्हा 'अरेबिया'सारखा मोकळा नकाशा असेल आणि शत्रू तिरंदाज काढत असेल, तर निःशंकपणे नाइट घ्यावेत आणि भाले जमण्यापूर्वी त्याच्या लाकूडतोड्यांवर घालावेत. 'ब्लॅक फॉरेस्ट'सारख्या अरुंद वाटांच्या नकाशावर मात्र सोने राखून ठेवावे. टेहळणीत शत्रूच्या बराकीबाहेर चार-पाच भालाईत दिसले, तर तबेल्यातील पुढचा नाइट त्याच क्षणी रद्द करावा.