टीव्हीवर जेलीफिन: सगळं ठीक, वेलांटी तेवढी जागेवर नाही

जेलीफिन म्हणजे घरच्या कॉम्प्युटरवरचे सिनेमे नेटवर्कवरून टीव्हीवर दाखवणारं सॉफ्टवेअर. आठव्या पिढीचा इंटेल आय५ डेस्कटॉप, विंडोज, साधा राउटर आणि स्मार्ट टीव्ही, एवढ्यावर पावसाळाभर वापरून लिहितोय. चित्र, आवाज, थांबवलं तिथून पुढे सुरू होणं, यात नाव ठेवायला जागा नाही. फुकट आहे, हार्डवेअर ट्रान्सकोडिंगलाही, म्हणजे चालू व्हिडिओ चिपकडून दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलून घ्यायलाही, पैसे मागत नाही. पण सबटायटल!

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं कन्नड सिनेमा मराठी सबटायटल लावून बघणारे आणि मराठी सिनेमा कन्नड सबटायटल लावून बघणारे एकाच घरात असतात. टीव्ही नेमका तिथंच हात टेकतो. 'किती'मधली पहिली वेलांटी क च्या उजवीकडं जाऊन बसते, 'शक्ती'चा क्त फुटतो, कन्नड ओत्ताक्षरं (जोडाक्षरातलं खाली लिहायचं अक्षर) खाली न जाता शेजारी उभी राहतात. टीव्हीच्या सर्व्हिस सेंटरचं उत्तर ठरलेलं: "पॅनल ओके आहे की, तुमच्या फाइलमध्येच फॉल्ट." होय, मग तीच फाइल कॉम्प्युटरवर व्हीएलसी प्लेअरमध्ये बिनचूक कशी दिसते? फाइलमध्ये आधी क आणि मग वेलांटी असाच क्रम असतो. पडद्यावर जागा बदलायचं आणि जोडाक्षर जुळवायचं काम दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, आणि टीव्हीचा प्लेअर ते करतच नाही.

नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील तर भानगड वेगळी. फाइल एएनएसआय या जुन्या, देवनागरी-कन्नड न मावणाऱ्या एन्कोडिंगमध्ये सेव्ह झाल्यामुळं अक्षरं गेलीच, ती परत येत नाहीत. मूळ फाइल पुन्हा मिळवून सगळ्या लिप्या मावणाऱ्या यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा. रिकामे चौकोन म्हणजे टीव्हीत त्या लिपीचा फॉन्टच नाही. अक्षरं आहेत पण मोडकी, तर वरचा रोग. चौकोन आणि मोडकी अक्षरं, या दोन्हींवर इलाज एकच: सबटायटल कॉम्प्युटरवरच चित्रात छापून पाठवायची.

जेलीफिनचं अॅप साधी एसआरटी (नुसत्या मजकुराची सबटायटल) फाइल दाखवायचं काम टीव्हीच्याच गळ्यात टाकतं, म्हणून आधी ती 'सबटायटल एडिट' या प्रोग्रॅममध्ये उघडून अॅडव्हान्स्ड सब स्टेशन अल्फा फॉरमॅटमध्ये सेव्ह करा. स्टाइलमध्ये फॉन्ट 'निर्मला यूआय' निवडा. हा विंडोजसोबतच येतो आणि देवनागरी, कन्नड दोन्ही त्यात आहेत. फाइलचं नाव सिनेमाच्या नावासारखंच ठेवून पुढं टिंब देऊन भाषेचा कोड लावा, मराठीला एमआर, कन्नडला केएन, म्हणजे यादीत दोन्ही वेगळ्या दिसतात. मग टीव्हीवरच्या अॅपमध्ये सबटायटल सेटिंगला जाऊन 'बर्न सबटायटल्स'ला 'ऑल कॉम्प्लेक्स फॉरमॅट्स' निवडा. वेलांटी जागेवर येते.

याची किंमत म्हणजे अख्खा व्हिडिओ ट्रान्सकोड होतो. सुरुवातीला माझं मत होतं की डायरेक्ट प्ले (फाइल न बदलता तशीच टीव्हीला पाठवणं) सोडून कॉम्प्युटरला उगाच कशाला राबवायचं. सबटायटलपुरतं ते आता बदललंय. जेलीफिनच्या डॅशबोर्डमध्ये प्लेबॅकखाली इंटेल क्विक सिंक (इंटेल चिपमधली व्हिडिओ बदलायची सोय) चालू केलं की १०८०पी ला प्रोसेसर फारसा तापत नाही. सातव्या पिढीच्या आधीची इंटेल चिप १०-बिट एचईव्हीसी फॉरमॅटच्या व्हिडिओला मात्र पुरी पडत नाही, चित्र अडखळतं. सबटायटल एमकेव्ही व्हिडिओ फाइलच्या पोटात असली तर पहिल्यांदा ती बाहेर काढताना मोठी फाइल सुरू व्हायला वेळ लागतो, म्हणून वेगळी फाइलच बरी.

नेटवर्कचं थोडक्यात. जुन्या वाड्यांच्या जाड दगडी भिंतीतून ५ गिगाहर्ट्झ वायफाय पार होत नाही, केबल टाका. बहुतेक टीव्हींचा लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो, पण १०८०पी ला तो मुबलक आहे. चित्र येतं आणि आवाज नाही, तर ऑडिओ डीटीएस फॉरमॅटमध्ये आहे का बघा. बरेच टीव्ही तो घेत नाहीत. एफएफएमपेग या कन्व्हर्टर प्रोग्रॅमनं व्हिडिओ आहे तसाच कॉपी ठेवून ऑडिओ ६४० केबीपीएस एसी३ फॉरमॅटमध्ये करून घ्या.

लाइट गेली की आणखी एक कटकट. राउटर परत चालू झाल्यावर कॉम्प्युटरला दुसरा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) देऊ शकतो आणि टीव्हीला सर्व्हर सापडत नाही. राउटरमध्ये डीएचसीपी रिझर्व्हेशन करा, म्हणजे कॉम्प्युटरला कायम तोच आयपी मिळतो, कॉम्प्युटरच्या बायोस सेटिंगमध्ये लाइट आल्यावर आपोआप चालू व्हायचं सेटिंग लावा, जेलीफिन विंडोज सर्व्हिस म्हणून टाका, म्हणजे लॉगिन न करताही ते सुरू होतं. विंडोजमध्ये नेटवर्क 'प्रायव्हेट' ठेवा आणि फायरवॉलमध्ये ८०९६ पोर्ट उघडा.

चोवीस तास चालू ठेवायचा मोह मात्र टाळा. डेस्कटॉप नुसता बसून ४० वॅट खातो असं धरलं तरी महिन्याला जवळपास २९ युनिट होतात. कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेत ठरलेल्या युनिटांच्या वर गेलं की वरचे पैसे भरायचे, आणि २०० पार झालं की अख्खं बिल. सिनेमा रात्रीच बघता ना? मग दिवसभर स्लीप आणि संध्याकाळी वेक-ऑन-लॅन (नेटवर्कवरूनच कॉम्प्युटर जागा करणं). नाहीतर १० वॅटवर बसणारा जुना मिनी पीसी बघा, तो रात्रंदिवस चालला तरी महिन्याला ७ युनिटांच्या आसपास.