रेंजवर पिस्तूल न्यायला बॅग कोणती? मऊ कव्हर, कठीण पेटी आणि सॅक यांची तुलना

नेमबाजी शिकणाऱ्या मुलाच्या हातात पिस्तूल आलं की आठवडाभरात पालक बॅगेबद्दल विचारायला येतात. मोबाइलमध्ये चार-पाच फोटो जमवलेले असतात आणि "यातली कोणती बरी?" असा प्रश्न असतो. फोटो बघायच्या आधी मी एकच विचारतो, रेंजवर येता कसे? विरारहून लोकल धरून वरळीला येणारी मुलगी, कोथरूडहून दुचाकीवर बालेवाडी गाठणारा कॉलेजचा मुलगा आणि डिक्कीत सगळं सामान टाकून येणारे पन्नाशीचे गृहस्थ, या तिघांकडे अगदी एकाच कंपनीचं पिस्तूल असलं तरी तिघांना एकच बॅग चालत नाही. रेंजवर पिस्तुलाची काळजी सगळेच घेतात. त्याला मार बसतो तो वाटेत.

आधी मापं बघू, कारण निम्म्या चुकीच्या खरेद्या मापातच होतात. १० मीटरचं एअर पिस्तूल नियमाने ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या चौकटीत बसावं लागतं आणि वजन १५०० ग्रॅमच्या आत लागतं. प्रत्यक्षात स्पर्धेची बरीच पिस्तुलं चाळीस सेंटीमीटरच्या आसपास लांब आणि किलोभर वजनाची असतात. २५ मीटरचं .२२ स्पोर्ट्स पिस्तूल (कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं तो हा प्रकार) ३०० × १५० × ५० च्या चौकटीत आणि १४०० ग्रॅमच्या आत असतं. इंटरनेटवर 'पिस्टल केस' म्हणून जे समोर येतं ते बहुतेक कमरेला लावायच्या आखूड पिस्तुलांसाठी बनवलेलं असतं. पेलिकन कंपनीची ११७० ही पेटी त्याचं चांगलं उदाहरण आहे. पेटी भक्कम आहे, पण आतली लांबी जेमतेम २७ सेंटीमीटर. एअर पिस्तूल त्यात तिरकं ठेवूनही बसत नाही. म्हणून मॉडेलचं नाव बघू नका, आतलं माप बघा, आणि पिस्तुलाच्या लांबीत निदान चार-पाच सेंटीमीटर मिळवून मगच पेटी शोधा.

मऊ कव्हर

चेन असलेलं, आतून मखमल किंवा लोकरीसारखं अस्तर असलेलं चपटं कव्हर सगळ्यात स्वस्त आणि हलकं. ओरखडे पडत नाहीत, धूळ जात नाही आणि कुठल्याही सॅकेत सरकवता येतं. त्याची ताकद इथेच संपते. लोकलच्या दारात कुणाचं कोपर लागलं किंवा सॅक फळीवर ठेवताना वरून दुसरी बॅग पडली, तर तो सगळा धक्का मागच्या साईटवर (नेम धरायच्या खाचेवर) येतो. साईटचे स्क्रू नाजूक असतात, आणि एक-दोन खटके फिरले तरी पहिल्या दहा शॉटमध्ये ते कळतं. चेन पिस्तुलाच्या अंगाला घासते तिथला रंगही जातो. क्लबच्या लॉकरपासून फायरिंग लाइनपर्यंत न्यायला मऊ कव्हर उत्तम. रोजच्या प्रवासाला ते एकटं पुरत नाही.

चामड्याचं कव्हर दिसायला देखणं असतं, पण .२२ च्या पिस्तुलाला घेऊ नका. चामडं ओल धरतं आणि ते कमवताना वापरलेली द्रव्यं त्या ओलीबरोबर पोलादाला गंज चढवतात. मुंबई-कोकणाच्या हवेत यासाठी एक पावसाळा पुरतो.

पिस्तुलाबरोबर आलेली पेटी

स्पर्धेची परदेशी पिस्तुलं बहुतेक वेळा प्लॅस्टिकच्या कठीण पेटीतच येतात. आत पिस्तुलाच्या आकाराची खाच, हवेच्या सिलिंडरची वेगळी जागा, दुरुस्तीचे पाने ठेवायला कप्पा. पुष्कळ जणांना याहून जास्त कशाची गरज नसते, आणि नवीन पेटी घ्यायच्या आधी हीच नीट तपासा असं मी सांगतो. आतल्या बसवणीला तोड नसते. अडचण येते ती कड्या-बिजागऱ्यांची. ही पेटी दुकानातून घरी येण्यासाठी केलेली असते, वर्षातून तीनशे वेळा उघडमीट करायला नव्हे. माझ्या पहिल्या पिस्तुलाच्या पेटीची एक कडी दीड वर्षात ढिली झाली होती. दुचाकीच्या पायाजवळ पेटी उभी ठेवून जाताना एका गतिरोधकावर ती उघडली. पिस्तूल पायावर अडकलं म्हणून रस्त्यावर पडलं नाही. तेव्हापासून कड्या कितीही घट्ट वाटल्या तरी पेटीभोवती एक वेल्क्रोचा पट्टा असतोच.

दुसरी उणीव मुठीची. हातात धरून चालायची पेटी दोन बस बदलणाऱ्या मुलाला जड जाते आणि गर्दीत ती कुठेतरी टेकवावी लागते. टेकवलेली वस्तू विसरते. परवान्याचं हत्यार असेल तर ते विसरणं किती महागात जाईल हे सांगायला नको.

जलरोधक, जाड भिंतीची पेटी

पेलिकन, नॅनुक अशा कंपन्यांच्या या पेट्या. कडेला रबराची गोट, हवेचा दाब जुळवणारी झडप, दोन कुलपांची सोय. पाण्यात पडली तरी आत थेंब जात नाही आणि माणूस वर उभा राहिला तरी वाकत नाही. विमानप्रवासाला याहून चांगलं काही नाही. पण वजन बघा. एअर पिस्तूल बसेल एवढी पेटी रिकामी असतानाच पिस्तुलापेक्षा जड भरते. भारतात ती आयात होऊन येते, त्यामुळे किंमतही बरीच पडते. राष्ट्रीय पातळीवर वर्षातून चार-पाच वेळा विमानाने जाणाऱ्याने जरूर घ्यावी. आठवड्यातून तीन दिवस सरावाला येणाऱ्या शाळकरी मुलीने घेऊ नये.

आणि एक गोष्ट या पेट्यांची जाहिरात करणारे सांगत नाहीत. पाणी आत जाऊ न देणारी पेटी आतली ओलही बाहेर जाऊ देत नाही. जुलैत सराव संपवून घामट हाताने वापरलेलं पिस्तूल तसंच आत ठेवून झाकण लावलं, तर ती सगळी ओल रात्रभर पिस्तुलाजवळ कोंडली जाते. अक्रोडाच्या लाकडाची ग्रिप ती शोषून घेते, .२२ च्या नळीवर तांबूस ठिपके येतात. घरी पोचल्यावर झाकण उघडं टाका, पिस्तूल पुसा, बंदोबस्ताच्या जागी कुलपात ठेवा. सिलिका जेलच्या पुड्या वापरत असाल तर त्या महिन्या-दोन महिन्यांनी बदला किंवा सुकवा. भिजून तृप्त झालेली पुडी असून नसल्यासारखीच.

स्पंजाकडेही लक्ष द्या. अंड्यांच्या ट्रेसारखा उंचसखल स्पंज पिस्तूल नुसतं दाबून धरतो, आणि तो दाब नेमका साईटवर येतो. चौकोनी तुकडे उपटून आकार करायचा स्पंज त्यापेक्षा बरा, पण उरलेल्या पातळ भिंती वर्षभरात फाटतात. बारीक बंद छिद्रांचा घट्ट फोम कापून घेणं सगळ्यात टिकाऊ. तो पाणी पीत नाही. साध्या स्पंजाचा आपल्या दमट हवेत काही वर्षांत चिकट भुगा होतो आणि तो ट्रिगरच्या सांध्यांत जातो.

रेंज बॅग

मोठी, अनेक कप्प्यांची, खांद्याला लावायची ही बॅग गाडीने येणाऱ्यांची आवडती. चष्मा, ब्लाइंडर (नेम न धरणारा डोळा झाकायची पट्टी), कानाचे मफ, छऱ्यांचे डबे, बूट, टॉवेल, नोंदवही, सगळं एका ठिकाणी. मला तिचा खरा फायदा वाटतो तो सुट्या भागांच्या कप्प्यासाठी. २०२१ मध्ये टोकियोत पात्रता फेरीच्या मधोमध मनू भाकरचं पिस्तूल बिघडलं आणि दुरुस्तीत तिची मोलाची मिनिटं गेली, हे सगळ्या देशाने पाहिलं. क्लबच्या स्पर्धेतही सिलिंडरची वॉशर, ॲलन की, सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची खूण) आणि जादा सिलिंडर हाताशी असणं आणि घरी असणं यात स्पर्धा जाते.

पण रेंज बॅगेच्या मधल्या कप्प्यात पिस्तूल तसंच टाकणं मला मान्य नाही. सामान त्यावर आदळतं. काडतुसं, मॅगझिन (काडतुसं भरायची डबी) आणि पिस्तूल एकाच पोटात राहतात, आणि ते कधीच एकत्र असू नयेत. खाण्याच्या डब्याचंही तेच. छर्रे शिशाचे असतात. त्यांची बारीक पूड हाताला, पुसायच्या फडक्याला, अस्तराला लागते. त्याच कप्प्यात पोळी-भाजीचा डबा ठेवलेला मी कित्येक मुलांच्या बॅगेत पाहिला आहे. पालकांनो, हे आजच थांबवा. खाण्याचा डबा पूर्ण वेगळ्या पिशवीत द्या आणि सराव संपल्यावर मुलांना साबणाने हात धुवायला लावा. बॅगेची शोभा, कप्प्यांची संख्या या सगळ्याच्या आधी हे येतं.

ॲल्युमिनिअमच्या चकचकीत ब्रीफकेसबद्दल थोडक्यात: कोपरे चेपतात, कुलूप खेळण्यातलं असतं आणि लोकांचं लक्ष मात्र लगेच जातं. घेऊ नका.

मग काय घ्यावं

बस, लोकल किंवा दुचाकीने येणाऱ्यांसाठी माझं मत अनेक वर्षांत बदललेलं नाही. आत पिस्तुलाची कठीण पेटी आणि बाहेर साधी, काळी किंवा निळी, लॅपटॉपसाठी असते तशी मोठी सॅक. पेटी मार खाते, सॅक ओझं पाठीवर वाटून देते, दोन्ही हात मोकळे राहतात आणि आत काय आहे हे कुणाला कळत नाही. शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. बंदुकीची चित्रं किंवा लष्करी ठिपक्यांचं कापड असलेली बॅग घेऊन गर्दीच्या फलाटावर उभं राहायचं काही कारण नाही. पावसाळ्यात वरून स्वस्तातलं रेनकव्हर घातलं की महागड्या जलरोधक पेटीचं बरंचसं काम होतं. सॅक मात्र पेटी सोबत नेऊन, आत घालून बघूनच घ्या. ४५ सेंटीमीटरची पेटी पुष्कळ सॅकांच्या चेनपाशी अडते.

गाडीने येणाऱ्यांनी तीच पेटी रेंज बॅगेत ठेवावी. उन्हात उभ्या गाडीत भरलेला सिलिंडर ठेवू नका. २०० बार दाबाची हवा असते ती, आणि तापली की दाब आणखी चढतो.

कागदांसाठी बॅगेत एक सपाट कप्पा हवाच. ०.१७७ इंच बोअरच्या आणि २० जूलपर्यंतच्या एअर पिस्तुलाला आपल्याकडे हत्यार परवाना लागत नाही, पण ते दिसतं पिस्तुलासारखंच. बिल आणि क्लबचं ओळखपत्र सोबत ठेवा, आणि जिथे सामान एक्स-रेतून जातं तिथे यंत्राने दाखवायच्या आधी तुम्हीच सांगा. .२२ ला परवाना मूळ प्रतीत सोबत हवा.

पेटी घेताना कुणी फारसं बघत नाही अशी एक गोष्ट आहे, पेटी उघडण्याची दिशा. रेंजवर पेटी टेबलावर ठेवून उघडतो तेव्हा नळी लक्ष्याकडेच असली पाहिजे. बंद पेटीवरून ते कळत नाही. म्हणून मी पेटीच्या बाहेरच्या बाजूला रंगीत टेपचा बाण लावतो आणि आधी बाण लक्ष्याकडे करून मगच कड्या काढतो. झाकणाची वरची बाजूही खुणेने ओळखता यायला हवी. उलटी उघडली तर पिस्तूल झाकणात येतं आणि निसटतं. टेबल अरुंद असतं, त्यामुळे झाकण सपाट पसरणाऱ्या पेटीपेक्षा उभं राहणारी पेटी सोयीची.

विमानाने जाताना

पिस्तूल, मग ते एअर पिस्तूल का असेना, केबिनमध्ये जात नाही. काउंटरवर जाहीर करायचं, रिकामं असल्याची खात्री करून द्यायची आणि ते चेक-इन सामानात जातं. काडतुसं पिस्तुलापासून वेगळी, घट्ट बांधलेल्या डब्यात, आणि माणशी एकूण ५ किलोच्या आत. .२२ ची पन्नास काडतुसं खोक्यासकट पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास भरतात, त्यावरून हिशेब करा. एअर सिलिंडर पूर्ण रिकामा करून, पिस्तुलावरून काढून ठेवा. प्रत्येक विमान कंपनीचे नियम आणि शुल्क वेगळं असतं, त्यामुळे तिकीट काढतानाच विचारून घ्या. इथे मऊ कव्हर आणि सॅक दोन्ही बाद. जलरोधक पेटी आणि दोन चांगली कुलपं, इथे पैसे वाचवू नका.

अमेरिकेत स्थायिक झालेले आपले काही जण तिथल्या रेंजवर जाऊ लागले आहेत. त्यांच्यासाठी निवड आणखी अरुंद आहे. तिथे विमानात पिस्तूल न्यायला कठीण, कुलूपबंद पेटीच लागते, आणि कोपरा वाकवून आत बोटं जात असतील तर ती पेटी चालत नाही. किल्ली प्रवाशाकडेच राहायची असते. कॅलिफोर्नियात स्वतःच्या गाडीतून नेतानाही पिस्तूल रिकामं आणि डिक्कीत किंवा कुलूपबंद पेटीत हवं, आणि डॅशबोर्डचा कप्पा (ग्लोव्ह बॉक्स) त्यात धरत नाहीत. राज्यागणिक कायदा बदलतो, तेव्हा सीमा ओलांडण्याआधी दोन्हीकडचे नियम वाचा.

दुकानात जाताना पिस्तूल नेऊ नका. पुठ्ठ्यावर त्याचा आकार कापून न्या, ग्रिप आणि सिलिंडरसकट, आणि त्याच वजनाचं काहीतरी फडक्यात गुंडाळून सोबत ठेवा. पुठ्ठा खाचेत बसतो का ते बघा. मग ते वजन आत घालून झाकण लावा, पेटी उलटी करा, जोरात हलवा, कानाशी धरा. आत काही सरकल्याचा आवाज आला तर दुसरी दाखवायला सांगा.