घरी हाय करंट यूएसबी हब बांधायचाय: ५ व्होल्ट एसएमपीएस घ्यावा की १२ व्होल्टवरून बक? आणि करंट मोजायला काय?

टेबलावर रास्पबेरी पाय (छोटा एका बोर्डाचा कॉम्प्युटर), एखादी जुनी हार्डडिस्क, दोन फोन आणि अर्डुइनो असं सगळं एकाच हबवर चालवायचं म्हटलं की साधा हब हात टेकतो, कारण यूएसबी २.० चं पोर्ट ५०० मिलिअँप देणार, ३.० वालं ९००, आणि तेवढ्यातच सगळ्यांनी भागवायचं. अडॅप्टरवाला रेडिमेड हब घेणार असाल तर खोक्यावरचे पोर्ट मोजू नका, अडॅप्टरवर किती अँप लिहिलंय ते वाचा. फक्त पेनड्राइव्ह, माऊस, कीबोर्ड लावायचा असेल तर तोच घ्या, पुढचं वाचायची गरज नाही.

बांधायचाच असेल तरी डेटाची बाजू घरी करायला जाऊ नका. डी प्लस, डी मायनस या डेटाच्या दोन वायरींवरून सेकंदाला ४८० मेगाबिट धावतंय, त्या ट्रॅकला ९० ओहमचा इम्पेडन्स लागतो, झिरो पीसीबीवर (नुसत्या भोकांचा बोर्ड) ते जमत नाही. चार पोर्टचा स्वस्त हब उघडायचा, त्याचा डेटा आहे तसा ठेवायचा आणि प्रत्येक पोर्टचा ५ व्होल्ट ट्रॅक कापून तिथं आपली पॉवर द्यायची. कॉम्प्युटरकडून येणारी लाल वायर आपल्या ५ व्होल्टला अजिबात जोडायची नाही, नाहीतर आपला सप्लाय उलटा मदरबोर्डात शिरतो. ग्राउंड मात्र कॉमन पाहिजे.

आता खरा प्रश्न पॉवरचा. ५ व्होल्ट १० अँपचा जाळीच्या पत्र्याचा एसएमपीएस (२३० व्होल्टचं ५ व्होल्ट डीसी करणारा सप्लाय), एलईडी डिस्प्ले बोर्डात असतो तसला, हा सगळ्यात सरळ रस्ता. टर्मिनलशेजारी छोटा प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरनं फिरवायचा रेझिस्टर) असतो त्यावर आउटपुट ५.१ च्या आसपास लावता येतं (५.२५ च्या वर न्यायचं नाही). तोटा असा की २३० व्होल्टचे स्क्रू उघडे असतात, त्यामुळं कव्हर आणि अर्थिंग पाहिजेच, घरात लहान पोरं असतील तर बंद डब्याशिवाय चालूच करू नका.

दुसरा रस्ता १२ व्होल्टवरून बक कन्व्हर्टर, म्हणजे डीसी व्होल्टेज खाली आणणारं सर्किट. आपल्याकडं सांगली-मिरजेत ज्यांच्या घरात इन्व्हर्टरची बॅटरी आहे त्यांना हा मोहात पाडतो आणि ते बरोबरच आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी शिरलेल्या भागात लाईट बंद होती तेव्हा फोन चार्ज असणं म्हणजे काय हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. चार पोर्टवर दीड-दीड अँप म्हणजे ३० वॅट, बकचा लॉस धरून बॅटरीतून साधारण ३ अँप जाणार, आणि आधी २३० करून परत ५ करण्यात जे वाया जातं ते वाचतं. पण बकमधला स्विच शॉर्ट होऊन गेला तर १२ व्होल्ट थेट फोनमध्ये जातात, आणि करंटवर नजर ठेवायला लावलेला मायक्रोकंट्रोलर कितीही हुशार असला तरी तेवढ्या वेळात काही करू शकत नाही. म्हणून क्रोबार सर्किट (व्होल्टेज वाढलं की लाईन शॉर्ट करून फ्यूज उडवणारं) आणि बॅटरीच्या प्लसवर फ्यूज हे दोन्ही नसेल तर मी १२ व्होल्टचा हब कुणालाच बांध म्हणणार नाही. बॅटरी नसेल तर विषय संपला, ५ व्होल्टचाच एसएमपीएस घ्या.

करंट मोजायला बहुतेक जण आयएनए २१९ चं मॉड्यूल लावतात. चांगलंय, आय टू सी वर (दोन वायरींवरून चिप्सनी बोलायची पद्धत) बोलतं, जंपरनं चार पत्ते मिळतात म्हणजे चार पोर्टला चार मॉड्यूल एकाच दोन वायरींवर बसतात. पण त्यावरचा शंट (ज्यावरचा व्होल्टेज ड्रॉप मोजून करंट काढतात तो रेझिस्टर) ०.१ ओहमचा असतो, २ अँपला ०.२ व्होल्ट तिथंच गेले, आणि रास्पबेरी पाय ४.६३ च्या खाली गेला की अंडरव्होल्टेजची तक्रार सुरू. उपाय सोपा आहे, तो शंट काढून ०.०२ ओहमचा लावायचा, ड्रॉप ०.०४ वर येतो, कोडमध्ये कॅलिब्रेशन बदलायचं. शंट प्लसच्या बाजूलाच, ग्राउंडमध्ये टाकला तर डेटाचा संदर्भच हलतो.

एसीएस ७१२ या दुसऱ्या करंट सेन्सरमध्ये ड्रॉपची भानगड जवळजवळ नाही, आतला रेझिस्टन्स १.२ मिलिओहम. पण ५ अँपवाला अँपमागे १८५ मिलिव्होल्ट देतो आणि अर्डुइनो नॅनोचा १० बिट एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) ४.९ मिलिव्होल्टची पायरी मोजतो, म्हणजे एका पायरीला २६ मिलिअँप, वर नॉइज, आणि सप्लाय हलला की शून्यही हलतं. फोन चार्ज होतोय का एवढंच बघायचं असेल तर चालेल, हार्डडिस्कचा करंट नीट बघायचा असेल तर आयएनए.

रीडिंग दाखवायला नॅनो की ईएसपी ३२ (वाय-फायवाला मायक्रोकंट्रोलर)? मोबाईलवर ग्राफ बघायचा असेल तर ईएसपी, नाहीतर नॅनो आणि छोटा ओएलईडी पुरे. शॉर्ट सर्किट वाचवण्याचं काम मात्र दोघांवरही टाकू नका. शॉर्ट झालं तर १० अँपचा एसएमपीएस सगळा जोर त्या बारीक केबलमध्ये ओततो, म्हणून प्रत्येक पोर्टला हार्डवेअर लिमिट पाहिजेच. पॉलिफ्यूज (गरम झाला की करंट अडवणारा, थंड झाला की परत चालू होणारा) स्वस्त आहे पण सावकाश तुटतो आणि स्वतः व्होल्ट खातो. टीपीएस २५५३ सारखा स्विच आयसी घेतला तर लिमिट एका रेझिस्टरनं ठरते, दीड अँपपर्यंत जाते, हातानं सोल्डर होतो आणि फॉल्टची पिन देतो जी नॅनोला जोडता येते. सांगलीत नाही मिळाला तर ऑनलाइन मागवा, किंवा पुण्याला जाणारं कुणी असेल तर तिथल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तपकीर गल्लीत चौकशी करायला सांगा.

आणि केबल. २८ गेजच्या एक मीटर केबलमध्ये जाऊन-येऊन ०.४ ओहमच्या वर होतो, २ अँपला ०.८ व्होल्ट तिथंच संपले. म्हणून हबचं रीडिंग ५.०५ दाखवत असेल आणि रास्पबेरी पाय तरी रडत असेल तर आधी जाड तारेची, अर्ध्या मीटरची केबल लावून बघा, हब नंतर उघडा.