'देवदास': एक फर्मा नसलेली प्रत, काही महिन्यांनंतर

शरत्चंद्रांच्या 'देवदास'ची मराठी प्रत ऑनलाइन मागवली होती, स्वस्तात मिळाली म्हणून. कथा सांगत बसत नाही, सिनेमांमुळे ती सगळ्यांना पाठ आहे. माझ्या प्रतीत एक फर्मा (एकत्र दुमडून शिवलेला पानांचा गठ्ठा) दोनदा बांधलाय आणि त्याच्या पुढचा सोळा पानांचा फर्मा गायब आहे. विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, परतीची मुदत उलटली, बदलून हवी तर कुरिअरचा खर्च तुमचा. तो खर्च पुस्तकाच्या निम्म्या किमतीएवढा! बांधणीतली चूक त्यांची, मग भुर्दंड मी का सोसायचा? नाही पाठवली.

तशीच वाचली. देवदासची बालमैत्रीण पारो मध्यरात्री एकटी त्याच्या खोलीत जाते, आणि पान उलटलं की तिचं हातीपोता गावच्या बिजवर जमीनदाराशी, भुवन चौधरींशी लग्न होऊन गेलेलं. मला देवदासची फार कीव आली. घरच्यांनी अडवलं आणि बिचारा दारूत बुडाला, असंच वाटत राहिलं.

मागच्या महिन्यात वाचनालयातून दुसरी प्रत आणली, राहिलेली पानं वाचली आणि संताप झाला. देवदास कलकत्त्याला निघून जातो आणि तिथून पारोला पत्र लिहितो की तुझ्यावर माझं तसं प्रेम कधी नव्हतंच. मग पस्तावून परत येतो. आता ती ताठ मानेने नकार देते, तर हा हातातली मासे पकडायची काठी तिच्या कपाळावर हाणतो. रक्ताची धार लागते. वर, इतक्या सुंदर चंद्रालाही डाग असतो असा दाखला देतो, आणि स्वतःचाच सदरा फाडून, पाण्यात भिजवून, तिला पट्टी बांधतो. मारणाराही तोच, मलमपट्टी करणाराही तोच. त्या नात्याचं सगळं विष या एका प्रसंगात आहे.

मग पहिली प्रकरणं पुन्हा काढली. लहानपणीही तो तिला मारतोच, आणि ती घरी नाव सांगते शाळेतल्या पंडितजींचं. शाळा बंद होते ती तिची! पहिल्या वाचनात हे मी नुसतं खोडकरपणा म्हणून वाचलं होतं.

1917 साली आलेलं हे छोटंसं पुस्तक मला आता कितीतरी जास्त आवडतं. फक्त शेवटी लेखक वाचकांकडे देवदाससाठी अश्रू मागतो, ते मला पटत नाही. पारोला तर त्याचं शेवटचं दर्शनही होत नाही.

घेणाऱ्यांनी पार्सल आल्या दिवशीच पानांचे आकडे तपासा, विशेषतः त्या रात्रीच्या भेटीनंतरचे.