डबल डेकरचा शेवटचा मोसम आणि रिटायर व्हायला आलेल्या बाकीच्या बसेस

रिव्ह्यू म्हटला की स्टार आलेच, तर ते आधी देऊन टाकते. मुंबईच्या जुन्या लाल डिझेल डबल डेकरला पाचपैकी पाच, नव्या इलेक्ट्रिक एसी डबल डेकरला चार, आणि मी आता ज्या शहरात राहते (नाव नको घ्यायला) तिथल्या आज-उद्या भंगारात जाणाऱ्या साध्या बसला दीड, आणि तो दीडसुद्धा ड्रायव्हर-कंडक्टरच्या कष्टांसाठी. तिन्ही बसेसमध्ये मी भरपूर बसलेय, गाडी चालवायला कधी शिकले नाही, त्यामुळे शाळा कॉलेज नोकरी सगळं बसनेच.

सुरुवात १२३ नंबरच्या बसपासून करावी लागेल. लहानपणी रविवारी बाबा आम्हा दोघी बहिणींना ताडदेवला १२३ मध्ये घालायचे आणि पार कुलाब्याला आर. सी. चर्चपर्यंत न्यायचे, तिथे काही काम नसायचं, उतरायचं, थोडं फिरायचं आणि परत यायचं. आमचा हट्ट एकच, वरच्या मजल्यावरची सगळ्यात पुढची सीट. ती कुणी आधीच धरलेली असली तर बाबा पुढच्या बससाठी थांबायचे पण, आता मला कळतं की तेवढा वेळ मुलांसाठी काढणं किती मोठी गोष्ट होती. मरीन ड्राइव्हला बस लागली की समोरच्या उघड्या खिडकीतून वारा असा यायचा की रिबिनी सुटायच्या. आणि खालच्या मजल्यावर बसलं की नुसता कठडा दिसायचा आणि कठड्यावर बसलेल्या लोकांच्या पाठी, वरून मात्र अख्खा समुद्र दिसायचा. हा फरक मी आजपर्यंत कुठल्याच दुसऱ्या वाहनात अनुभवला नाही, टॅक्सीत तर नाहीच.

बाबांना इतिहास सांगायची आवड. मुंबईत पहिली बस १५ जुलै १९२६ ला धावली ती अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आम्ही उतरायचो त्याच कुलाब्यातून, आणि डबल डेकर आली १९३७ मध्ये, हे दोन्ही मला बाबांमुळे पाठ. ट्रामचं ते सांगायचे तेव्हा मात्र आवाज बदलायचा, ३१ मार्च १९६४ ला रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली तेव्हा आजोबांनी त्यांना खांद्यावर घेऊन ती दाखवली होती, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसंच माणसं. मला तेव्हा वाटायचं एका ट्रामसाठी एवढं काय. २०२३ मध्ये कळलं.

मधली काही वर्षं मी सीप्झमध्ये (अंधेरीची कंपन्यांची वसाहत) नोकरी केली आणि अंधेरी ईस्टला आगरकर चौकातून ४१५ पकडायचे. तिथे सकाळी लोकलमधून उतरलेली गर्दी आणि बसची लाईन ज्यांनी बघितलीय त्यांना सांगायला नको. साधी बस आली की लाईन थोडी पुढे सरकायची. डबल डेकर आली की लाईनच संपायची! हा या बसचा खरा गुण, बाकी सगळे फोटोबिटो आणि सिनेमातलं वगैरे नंतर. रस्त्यावर जागा एका बसची आणि माणसं जवळजवळ दीडपट. सीप्झ, बीकेसी (वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्स) अशा ऑफिसांच्या ठिकाणी जिथे एका वेळेला सगळ्यांना जायचंय तिथे याच्याइतकी शहाणी गाडी नाही. वांद्रे ते कुर्ला ३१० किंवा कुर्ला ते अंधेरी ३३२ वर ज्यांनी रोज प्रवास केलाय ते पण हेच सांगतील.

ही बस म्हातारपणी कशी होती ते पण सांगते. इंजिनचा आवाज भारी, सिग्नलला उभी राहिली की अख्खी बस थरथरायची आणि काचा वाजायला लागायच्या, फोनवर बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागायचं. वरच्या मजल्याचं छत खाली, उंच माणसाला मान वाकवूनच चालायचं. मे महिन्यात वरचा पत्रा तापायचा, पण बस चालू लागली की वारा सुरू आणि मग घाम वाळायचा. जिना अरुंद, चालत्या बसमध्ये चढायचं म्हणजे एका हाताने दांडा आणि दुसऱ्या हाताने पर्स ओढणी डबा सगळं, पण चार दिवसांत पायाला सवय व्हायची. झाडाच्या फांद्या पुढच्या काचेवर सपकन लागायच्या आणि नवीन माणूस दचकून मागे व्हायचा, आम्ही रोजचे लोक हलायचो पण नाही.

आणि कंडक्टर दोन. एक खाली एक वर. वरचा "पुढे चला, वर जागा आहे, वर या" असं ओरडून खालची गर्दी वर घ्यायचा, मग डबल बेल आणि बस सुटायची. वरच्या कंडक्टरला रोजची माणसं ठाऊक असायची, कोण कुठे उतरणार ते. माझ्या पहिल्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मला एक कंडक्टर म्हणाले, ताई तुमचा स्टॉप पुढचा, आत्ताच खाली उतरायला लागा, ब्रेक लागला की जिन्यात पडाल. एवढी साधी गोष्ट, पण तेव्हा मी कुणालाच ओळखत नव्हते त्या भागात आणि मला फार बरं वाटलं होतं.

मग गेल्या का? कारणं खोटी नाहीत हेही लिहायला हवं. शेवटच्या लॉटमधल्या बसेस २००८ च्या आसपासच्या, १५ वर्षं झाली की त्यांचं आयुष्य कागदोपत्री संपतं, आणि १ एप्रिल २०२३ पासून तर १५ वर्षांवरच्या सरकारी आणि परिवहन महामंडळांच्या गाड्यांचं रजिस्ट्रेशनच पुढे चालू ठेवता येत नाही असा केंद्राचा नियम आला. त्यात या बसेस बीएस तीनच्या (बीएस म्हणजे गाड्यांच्या धुराची सरकारी मर्यादा, आकडा मोठा तितकी कडक) जमान्यातल्या, देशात २०२० पासून बीएस सहा लागू आहे, म्हणजे धुराच्या बाबतीत किती मागे राहिल्या ते बघा. शिवाय दोन कंडक्टरचा पगार, डिझेलचा खर्च. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत ९०० च्या आसपास डबल डेकर होत्या, २००८ नंतर नवीन घेणं बंद झालं आणि शेवटी हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या उरल्या.

१५ सप्टेंबर २०२३ हा शेवटचा दिवस. शुक्रवार होता, गणपती चार दिवसांवर, आणि मी माहेरी सणासाठी आले होते म्हणून जमलं. अंधेरीला गेले तर ४१५ ला फुगे फुलं हार, नवरीसारखी सजवलेली. लोक खिडक्यांना हात लावत होते, कुणी सेल्फी, कुणी नुसतं उभं. माझ्यासारख्या बऱ्याच जणी असणार ज्यांना सीप्झला काहीही काम नव्हतं. वर गेले, पुढची सीट अर्थातच मिळाली नाही, मधे बसले. शेजारी एक वयस्कर काका होते, ते सबंध रस्ताभर एक शब्द बोलले नाहीत, फक्त पुढच्या सीटच्या दांड्यावर हात ठेवून बसले होते. उतरताना मला म्हणाले, "पस्तीस वर्षं." तेवढंच. मी जिन्यातून खाली येईपर्यंत सावरले होते, रस्त्यावर उतरून मागे वळून पाहिलं आणि मग मात्र रडू आलं. पुढच्याच महिन्यात, ५ ऑक्टोबरला, वरून उघडी असलेली टुरिस्टांची डबल डेकर पण बंद झाली. निदान दोन-तीन बसेस बेस्टच्या (मुंबईच्या बस चालवणारी संस्था) आणिक डेपोतल्या म्युझियममध्ये ठेवा अशी मागणी बसप्रेमींनी केली होती आणि मी पूर्णपणे त्यांच्या बाजूने आहे, कारण माझ्या भाचीला मी तोंडाने कितीही सांगितलं तरी तो जिना तिला कळणार नाही.

आता दुसरी बाजू, ती लिहिल्याशिवाय हा रिव्ह्यू अर्धवट राहील. लग्नानंतर मी ज्या शहरात आले तिथल्या बसेसना वयाचा मान वगैरे काही नाही, नुसतं वय आहे. गेल्या पावसाळ्यातलं सांगते. सीटच्या वर छत गळत होतं म्हणून निम्म्या सीट रिकाम्या आणि माणसं उभी, एका आजींनी बसच्या आत छत्री उघडली होती. मागचं दार बंद होत नव्हतं म्हणून सुतळीने बांधलेलं. सीटचं रेक्झिन फाटून स्पंज बाहेर आलेला, तो ओला. आणि फ्लायओव्हरच्या चढावर बस थांबली ती थांबलीच. ड्रायव्हरकाकांनी तीनदा सेल्फ मारला, नाही लागला. मग आम्ही पस्तीस-चाळीस जण पावसात फ्लायओव्हरच्या कडेला, मागून ट्रक जातायत, दोन बायकांच्या कडेवर मुलं. पुढची बस पाऊण तासाने आली ती आधीच भरलेली, कंडक्टर म्हणाले तेच तिकीट चालेल पण चढायला जागाच नव्हती, मी आणि बरेच जण चालत उतरलो.

त्या पाऊण तासात ड्रायव्हरकाकांशी बोलले. त्यांचा डावा गुडघा क्लच दाबून दाबून गेलाय. ते म्हणाले मॅडम सकाळी डेपोत लिहून देतो, क्लच जड आहे, वायपर चालत नाही, संध्याकाळी तीच गाडी तशीच परत हातात येते, पार्ट नाही म्हणतात. आणि वर प्रवाशांच्या शिव्या आम्हीच खायच्या. मला खरंच लाज वाटली कारण पाच मिनिटांपूर्वी मी पण चिडून बोलले होते त्यांना. माफी मागितली तर म्हणाले, राहू द्या, तुमची पण ड्युटी बुडतेय.

म्हणून मला ते "जुन्या बस म्हणजे धोका, सगळ्या काढून टाका" वालं बोलणं सरसकट पटत नाही. सीप्झची ती डबल डेकर १५ वर्षांची होऊन गेली आणि शेवटच्या दिवशीही आम्हाला व्यवस्थित घेऊन गेली. इथली बस तिच्यापेक्षा वयाने लहान आहे आणि फ्लायओव्हर चढत नाही. एका गाडीवर रोज रात्री कुणाचा तरी हात फिरत होता, दुसरी आता जाणारच आहे म्हणून सोडून दिलेली. रिटायरमेंट दोन वर्षांवर आली की खर्च थांबवायचा हा प्रकार फार वाईट, कारण त्या दोन वर्षांत त्याच बसमध्ये रोज माणसं बसतात, शाळेची मुलं बसतात. ब्रेक, वायपर, दार आणि छत या चार गोष्टी शेवटच्या दिवसापर्यंत नीट हव्यातच, बाकी रंग उडाला तरी कुणी तक्रार करणार नाही, मी तर नाहीच.

नवीन इलेक्ट्रिक डबल डेकरबद्दल. ही फेब्रुवारी २०२३ मध्ये सीएसएमटी स्टेशन ते नरिमन पॉइंटचं एनसीपीए नाट्यगृह या ए-११५ नंबरच्या मार्गावर सुरू झाली, भारतातली पहिली एसी इलेक्ट्रिक डबल डेकर, तेव्हा कमीत कमी तिकीट फक्त सहा रुपये होतं, मे २०२५ मध्ये एसीचं बारा झालं. मी भाचीला घेऊन गेले होते. आवाज जवळजवळ नाहीच, थरथर नाही, जिने दोन असल्यामुळे चढणारे-उतरणारे एकमेकांना अडत नाहीत, कॅमेरे आहेत त्यामुळे रात्री एकटीने वर बसायला धीर येतो, हे बायकांसाठी फार महत्त्वाचं आहे आणि जुन्या बसच्या प्रेमात आपण ते विसरतो. दुपारी दोनला उन्हात वर बसून थंडगार, हे जुनीत शक्यच नव्हतं. एक स्टार कापला तो फक्त वाऱ्याचा. एसी गाडी म्हणजे काच बंद असणारच, समजतं मला, पण भाचीने पुढच्या काचेला नाक लावलं आणि विचारलं की मावशी तू म्हणायचीस तो वारा कुठून येतो, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

एक कळकळीचं मागणं, सगळ्याच शहरांच्या बसवाल्यांकडे. जुनी बस काढायचीय, जरूर काढा, धूर आमच्याच फुप्फुसात जातो. पण नवी आधी रस्त्यावर येऊ द्या आणि मग जुनी काढा. आधी जुनी काढली, नवीचं टेंडर अडकलं, आणि मधल्या काळात स्टॉपवरची माणसं शेअर रिक्षा नाहीतर बाईकवर गेली की ती परत येत नाहीत. माझ्या ऑफिसातल्या तिघींनी अशीच स्कूटी घेतली, त्यांना आता बसचा नंबरही आठवत नाही.

बाबांच्या जुन्या पाकिटात १२३ ची दोन तिकिटं सापडली होती, ती रंगीत पातळ कागदाची, कंडक्टरने टिकटिक पंच केलेली, आकडे अजून स्पष्ट वाचता येतात. माझं १५ सप्टेंबरचं ४१५ चं तिकीट मशीनमधलं, ते मी वहीत जपून ठेवलं होतं, परवा उघडलं तर शाई उडून पूर्ण कोरं. तरी टाकलं नाही, तिन्ही एका डबीत ठेवलीत आणि कोऱ्यावर मागून पेनाने ४१५ लिहून ठेवलंय. तुमच्याकडे शेवटच्या दिवसाचं तिकीट असेल तर त्याचा आजच फोटो काढून ठेवा, आणखी थोड्या दिवसांनी काहीच दिसणार नाही.