सोनं बावनकशी, नाणं बनावट

नाण्यांच्या प्रदर्शनात कुणी रोमन सोन्याचं नाणं दाखवून म्हणालं, "सराफाकडून तपासून घ्या, मगच पैसे द्या," तर तिथेच सावध व्हा. मला याच वाक्यावर गंडवलं. सराफाने कस लावला, सोनं चोख निघालं. निघणारच, बनावट नाणंही सोन्यातच पाडलं होतं. साडेचार ग्रॅम सोन्याच्या कितीतरी पट रक्कम मी पुरातनतेसाठी मोजली होती.

नाणं रोमन सम्राट दुसऱ्या थिओडोसियसचं (इ.स. ४०२ ते ४५०) सॉलिडस, म्हणजे त्या काळचं रोमन सोन्याचं नाणं, म्हणून विकलं. शिरस्त्राण घातलेला सम्राट, खांद्यावर भाला. मागच्या बाजूला बसलेली कॉन्स्टँटिनोपल नगरदेवता आणि तळाला 'कॉनॉब' ही अक्षरं. विक्रेता त्या अक्षरांवर बोट ठेवून "टांकसाळीची खूण बघा" म्हणत होता. ही अक्षरं इतर टांकसाळींच्या सॉलिडसवरही असतात, त्यामुळे त्यावरून काही सिद्ध होत नाही.

सम्राटाच्या डोक्यावर दोन भोकं होती. दक्षिण भारतात सापडणाऱ्या सॉलिडसना ती बऱ्याचदा असतात, आणि कर्नाटकात अक्की आलूरला अशा काळातली सोन्याची नाणी सापडली, हे विक्रेत्याला तोंडपाठ. नंतर भिंगाखाली पाहिलं तर भोकांच्या कडा धारदार, ताज्या. दागिना म्हणून ओवलं असतं तर दोरा घासल्याची खूण दिसली असती, तिचं नावनिशाण नाही. एका रोमन पौंडात ७२ सॉलिडस, म्हणजे एक जेमतेम साडेचार ग्रॅम. भोकं पाडून, वापरून झिजलेलं म्हणवणारं नाणं काट्यावर पूर्ण वजनाचं भरलं. अशक्य नाही, पण खटकायला हवं.

खरा उलगडा झाला एका संग्राहकाने आपल्या नाण्याचा फोटो पाठवला तेव्हा. ढालीच्या कडेवर जिथे माझ्या नाण्याला खरचटलंय, तिथेच त्याच्याही. एकाच ठशातली दोन नाणी असू शकतात, पण हातोड्याने पाडलेल्या दोन नाण्यांना वापरातला ओरखडा एकाच जागी कसा पडेल? खऱ्या नाण्यावरून साचा घेतला की ओरखड्याचीही नक्कल होते.

पोलिसांत का गेलो नाही, असं विचारतात. "शेतात सापडलं, साहेब," ही विक्रेत्याची कथा तिथेच आडवी येते. १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेलं असं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, म्हणजे तक्रार करणाराच आधी खुलासा देत बसतो. ती कथा गिऱ्हाइकाला भुलवायला जेवढी, तेवढीच नंतर गप्प बसवायलाही असते. बिल मागितलं होतं मी. हसून म्हणाला, "असल्या मालाला बिल असतं होय?"