जाहिरात की मुलाखत? छोट्या मराठी सिनेमाचा वर्तमानपत्रातला खर्च

सिनेमा शुक्रवारी लातूर, बीड, जालन्यात लागणार, हाती पैसे मोजके. आवृत्तीत जाहिरात द्यावी की पुरवणीत मुलाखत यावी यासाठी धडपडावं?

खर्च. जाहिरात चौरस सेंटीमीटरवर मोजतात. दर 100 रुपये धरला तर 8 बाय 10 सेंटीमीटरचे 8,000, वर 5 टक्के जीएसटी. मुलाखतीला पैसे नाहीत, पण छापून येईलच याची हमीही नाही. पैसे देऊन 'बातमी' छापून आणण्याच्या वाटेला जाऊच नका.

मेहनत. मुलाखतीलाच जास्त. पुरवणीची पानं आधीच तयार होतात, म्हणून मजकूर सोमवारपर्यंत पोचवा, तोही युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर नीट वाचता येणाऱ्या अक्षरांत. पीडीएफमधून उचललेली जोडाक्षरं फुटतात. व्हॉट्सॲपवर दाबला गेलेला फोटो छापल्यावर धुरकट दिसतो, मूळ फाइल ईमेल करा. आणि कलाकार अंबाजोगाईचा असेल तर ते पहिल्याच ओळीत लिहा. जिल्ह्याच्या पानावर जागा मिळते ती त्याच्यामुळे.

जाहिरातीत घात होतो तो काळ्या पार्श्वभूमीवरच्या बारीक पांढऱ्या अक्षरांनी. वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पसरते आणि नेमकं थिएटरचं नाव बुजतं. पांढऱ्यावर काळं, ठळक छापा. वेळा थिएटरकडून पक्क्या झाल्याशिवाय मजकूर सोडू नका.

परिणाम. मुलाखत उत्सुकता जागवते, कात्रण घरोघर फिरतं. पण खेळ कुठे, किती वाजता, हे जाहिरातच सांगते.

चेहरा ओळखीचा आणि खेळ भरपूर असतील तर जाहिरात घ्या. नवे कलाकार, गावाकडचा विषय, दिवसाला एखादाच खेळ असेल तर आधी मुलाखत. उरलेल्या पैशांत शुक्रवारी फक्त वेळांची छोटी चौकट.